युटाच्या वाळवंटातल्या मंगळ तळावर जायचंय: सोलापुरात राहून तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स पाहता. अमेरिकेत युटा राज्याच्या वाळवंटात मंगळावरच्या वस्तीची नक्कल करून जो तळ उभारलाय, तिथे दोन आठवडे क्रू म्हणून राहायची तुमची इच्छा आहे. सोलापूरच्या उन्हात वाढल्यामुळे वाळवंटाचं काही वाटत नाही, पावसाळ्यात गड चढता, तर शरीराची आणखी काय तयारी करावी, असा प्रश्न आहे. आणि शेवटी एक ओळ आहे: घरचे म्हणतात, हे सगळं नाटक, त्यासाठी एवढे पैसे कशाला घालवायचे?

माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. पण आधी शरीराचं सांगते, कारण ते लवकर उरकतं.

युटामधला हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. म्हणजे आपण एप्रिल-मेमध्ये ४३-४४ अंश सोसतो, त्या सवयीचा तिथे काडीचा उपयोग नाही. जानेवारीत तिथली रात्र सहज उणे दहापर्यंत उतरते. हॅबच्या, म्हणजे राहायच्या घराच्या, बाहेर पाण्याचा पाइप गोठणं ही उन्हापेक्षा मोठी काळजी असते. चालणं फार लांबचं नसतं आणि चढही आपल्या किल्ल्यांसारखे नसतात. पाठीवर हवा खेळवणारे पंखे आणि बॅटरी असलेला बोजा, डोक्यावर हेल्मेट, हातात जाड मोजे, एवढं घेऊन दोन-तीन तास वाकून काम करता आलं की पुरे. गुडघे आणि कंबर धड असावी, चष्मा असेल तर तो हेल्मेटमध्ये घसरणार नाही अशी सोय हवी. बस्स.

अर्थात हे कुठे जाता त्यावर अवलंबून आहे. लडाखचा विचार असेल तर माझं उत्तर बदलतं. इस्रोच्या सहभागाने नोव्हेंबर २०२४ मध्ये लेहला पहिली अ‍ॅनालॉग मोहीम (पृथ्वीवरच परग्रहावरच्या वस्तीची नक्कल करून राहणं) झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्सो कारच्या खोऱ्यात ‘होप’ नावाच्या छोट्या तळावर दोघांनी काही दिवस काढले. त्सो कार साडेचार हजार मीटरच्या आसपास आहे आणि सोलापूर साडेचारशे. तिथे विरळ हवेला शरीर कसं वागतं हा पहिला प्रश्न, बाकीचे नंतर. ह्यूस्टनला मंगळावरच्या घराची नक्कल करणाऱ्या नासाच्या ‘चापिया’ मोहिमेत चौघं २५ जून २०२३ ते ६ जुलै २०२४ असे ३७८ दिवस सुमारे १५८ चौरस मीटरच्या घरात राहिले; पण तिथे अमेरिकी नागरिक किंवा कायमचे रहिवासीच अर्ज करू शकतात, त्यामुळे ते सध्या बाजूला ठेवू. युटाचा तळ मार्स सोसायटी ही संस्था २००१ पासून चालवते, जगभरातले लोक तिथे जातात, आणि तुमच्यासाठी तोच रस्ता मोकळा आहे. खाली जे लिहितेय ते युटाच्या दोन आठवड्यांना धरून. मी पेशाने पंप आणि पाण्याच्या यंत्रणांची इंजिनियर. तिथे आधी क्रू इंजिनियर म्हणून आणि पुढे कमांडर म्हणून राहिले आहे, त्यामुळे माझी नजर त्याच बाजूची आहे. एखादा भूशास्त्रज्ञ तुम्हाला वेगळं सांगेल, आणि तेही खरं असेल.

आता नाटकाकडे वळते.

त्या तळावर काय खरं आणि काय मानलेलं, हे आधी लख्ख समजून घ्या. गुरुत्वाकर्षण पृथ्वीचंच आहे. मंगळावर ते ३८ टक्के असतं. किरणोत्सर्ग नाही, हवा श्वास घेण्याजोगी आहे, सूटमध्ये दाब नसतो. एअरलॉकमध्ये, म्हणजे बाहेर पडण्याआधीच्या दोन दारांमधल्या खोलीत, आपण पाच मिनिटं उभं राहतो तेव्हा कुठलाही पंप हवा खेचत नसतो. एका इमारतीतून दुसरीकडे जाणारे आच्छादित बोगदे ‘दाब असलेले’ मानायचे असतात, म्हणून तिथून सूटशिवाय जाता येतं. एवढं सगळं मानलेलं आहे आणि घरच्यांना ते सरळ सांगा.

पण पाणी खरंच मोजकं असतं. टाकीतलं संपलं की संपलं. वीज सौर पॅनेल आणि बॅटऱ्यांवर, ढगाळ दिवसांत ती खरोखर कमी पडते. सहा-सात माणसं सुमारे आठ मीटर व्यासाच्या दोन मजली गोल घरात खरोखर राहतात. वरच्या मजल्यावर निजायला एकेक खण आणि मध्ये एकच टेबल, तिथेच जेवण, तिथेच बैठका, तिथेच लॅपटॉप. बाहेरच्या जगाशी बोलायला संध्याकाळची ठरलेली वेळ. मंगळापर्यंत संदेश जायला ग्रहांच्या जागेनुसार साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, म्हणून प्रत्यक्ष फोनवर बोलणं नाही. लिहायचं, पाठवायचं आणि वाट पाहायची. हे काही नाटक नव्हे. माणूस थकलेला असताना, गार पडलेल्या घरात, त्याच त्याच चेहऱ्यांसमोर कसा वागतो ते तिथे खरंच कळतं.

आणि मानलेल्या भागाची किंमत आपण तो किती इमानदारीने पाळतो त्यावर ठरते. यात मी फार कडक आहे. कचऱ्याची पिशवी दहा पावलांवर ठेवायची आहे, कोण बघतंय, म्हणून कुणी सूट न घालता दार उघडलं की त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी माझ्या लेखी बाद. कारण आपण मोजत काय असतो? एक खडक उचलून त्याचा नमुना पिशवीत भरायला मोजे आणि हेल्मेट घालून किती वेळ लागतो. बिघडलेली वस्तू बाहेर असेल तर तिच्यापर्यंत पोहोचायला तयारीसकट किती वेळ जातो. पाच मिनिटांचं काम दीड तासाचं होतं, आणि मग आपण ठरवतो की ही वस्तू मुळात बाहेर ठेवायलाच नको होती. हा निष्कर्ष एअरलॉकमध्ये प्रामाणिकपणे थांबलेल्या त्या पाच मिनिटांवर उभा असतो. अपवाद एकच: जिवाला धोका असेल तर सिम, म्हणजे मंगळाची ही नक्कल, तिथल्या तिथे संपतं. २०१४ च्या डिसेंबरअखेर याच तळाच्या हरितगृहाला आग लागली होती. असल्या वेळी सूट शोधत बसायचं नसतं. हवाई बेटांतल्या मौना लोआ ज्वालामुखीवरच्या हाय-सीज या अशाच नक्कल-तळावर २०१८ मध्ये एका सदस्याला विजेचा धक्का बसला आणि मोहीम चार दिवसांतच थांबवली गेली. तुम्ही इलेक्ट्रिकलच्या आहात, त्यामुळे हे लक्षात ठेवा: मंगळ मानलेला असला तरी करंट मानलेला नसतो. लॉकआउट-टॅगआउट (दुरुस्तीआधी वीज बंद करून स्विचला कुलूप आणि पाटी लावणं) कारखान्यात जसं पाळता तसंच तिथे पाळायचं.

आता दिवस कसा जातो ते सांगते, कारण जाणाऱ्यांच्या मनात चित्र असतं ते लाल टेकड्यांवर सूट घालून फिरण्याचं. त्या फेरीला ईव्हीए म्हणतात. तिची परवानगी आदल्या संध्याकाळी लेखी मागायची: कोण, कुठे, कशासाठी, किती वेळ, कोणत्या रोव्हरवर (तळावरची बॅटरीवर चालणारी छोटी गाडी). अंधारात बाहेर जायचं नाही. म्हणजे चोवीस तासांत फार तर तीन-चार तास बाहेर, तेही रोज सगळ्यांना नाही. उरलेला वेळ तळ चालता ठेवण्यात जातो. टाकीची पातळी पाहा, पंप चालू करून वरची टाकी भरा, बॅटरीचा आकडा लिहा, गॅस किती उरलाय बघा, रोव्हर चार्जिंगला लावा, हरितगृहातलं तापमान सांभाळा, स्वयंपाक, भांडी, संडास. मग संध्याकाळी अहवाल: कमांडरचा, इंजिनियरचा, ईव्हीएचा, हरितगृहाचा, वार्ताहराचा. ते ठरलेल्या वेळेत गेलेच पाहिजेत, कारण पलीकडे माणूस वाट पाहत बसलेला असतो आणि तुमची उद्याची परवानगी त्यावर ठरते.

म्हणून तुमच्या प्रश्नातला ‘शरीराची तयारी’ हा शब्द बदलून मी ‘घर चालवण्याची तयारी’ म्हणेन. आणि इथे सोलापूरकर म्हणून तुमच्याकडे काही गोष्टी आधीच आहेत. वर्षानुवर्षं ज्या शहरात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येत आलंय, तिथल्या माणसाला टाकीकडे बघून अंदाज येतो. पिण्याचं वेगळं, वापरायचं वेगळं, भाजी धुतलेलं पाणी कुंडीला, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. चोवीस तास नळ असलेल्या शहरांतून आलेल्या हुशार लोकांना पहिले तीन दिवस भांडी घासताना नळ बंद करायचं भान राहत नाही, आणि त्यावरूनच पहिली कुरबुर सुरू होते. आंघोळ दोन-तीन दिवसांतून एकदा, ती पण अंग भिजवा, पाणी बंद, साबण, पुन्हा थोडं पाणी अशी. मधल्या दिवशी ओल्या फडक्याने अंग पुसायचं. पाळीच्या दिवसांचं सामान आणि त्याच्या विल्हेवाटीचं आधीच ठरवून, क्रूमधल्या हेल्थ अँड सेफ्टी ऑफिसरशी मोकळेपणाने बोलून घ्या. हा विषय शेवटच्या दिवसापर्यंत कुणी काढत नाही आणि मग अडचण होते.

मातीचंही एक सांगायला हवं, कारण मला तिथे सगळ्यात जास्त आपलेपणा मातीनेच वाटला. तळाच्या आसपासचे लाल-करडे थर ज्युरासिक काळातले आहेत, त्यात ज्वालामुखीच्या राखेतून झालेली बेंटोनाइट माती आहे. आपली काळी माती बेसाल्टपासून झाली. दोन्हींतली मुख्य चिकणमाती एकाच कुळातली, स्मेक्टाइट: पाणी मिळालं की फुगते, वाळली की भेगाळते. मंगळावरही कक्षेतल्या यानांना स्मेक्टाइटचे मोठे पट्टे दिसले आहेत, आणि तिथे कधीकाळी पाणी होतं याचा तो एक भक्कम पुरावा मानतात. रंग सोडला तर पाऊस पडल्यावर त्या वाळवंटात आपल्या मंगळवेढ्याच्या रानासारखीच गत होते. बुटाला दोन-दोन किलो चिखल, आणि चाक रुतलं की रुतलं. ओल्या जमिनीवर रोव्हर न्यायचा नाही हा तिथला कडक नियम आहे. काळ्या रानात ट्रॅक्टर फसलेला ज्याने पाहिलाय, त्याला तो नियम समजावून सांगावा लागत नाही.

जेवणाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण क्रूचं मन इथेच टिकतं किंवा बिघडतं. तळावर मिळतं ते सगळं कोरडं किंवा डबाबंद: सुकवलेल्या भाज्या, दूध पावडर, अंड्याची पावडर, तांदूळ, पीठ, डाळी. हाय-सीजची २०१३ मधली पहिली मोहीम सुमारे चार महिन्यांची होती आणि ती मुळात जेवणाच्या अभ्यासासाठीच आखली होती, कारण अंतराळात तेच ते खाऊन माणसं हळूहळू कमी जेवू लागतात हा जुना अनुभव आहे. तयार पाकिटं आणि कोरड्या शिध्यातून स्वतः केलेला स्वयंपाक यांची तिथे तुलना केली गेली. माझ्या क्रूंमध्ये मी पाहिलंय ते असं की एकत्र रांधलेल्या जेवणाने त्या दिवशीची भांडणं निम्मी होतात. इथे आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सोन्यासारखी आहे. कडक भाकरीत पाणी जवळजवळ नसतंच, ती नीट बांधली तर आठवडेच्या आठवडे राहते, वजनाला हलकी, आणि गरम आमटीत कुस्करली की पोटभर. परदेशी मंडळींना ती आवडते. आधी हातात घेऊन ती पापडासारखी वाजते याचं त्यांना नवल वाटतं. पण शेंगाच्या चटणीचा डबा उघडण्याआधी प्रत्येकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का हे विचारा. तिकडे ती बऱ्याच जणांना असते आणि काहींना जिवावर बेतण्याइतकी. जवळचं गाव हँक्सव्हिल, ते चिमुकलं; मोठं रुग्णालय लांब. क्रूमध्ये एकाला जरी अ‍ॅलर्जी असेल तर चटणी घरीच ठेवा, हळहळू नका. आणि विमानातून नेताना सगळं सीलबंद, कोरडं, यादीसकट. कस्टम्सला विचारल्यावर दाखवता आलं पाहिजे.

माणसांचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सगळ्यात अवघड तेच आहे. मंगळप्रवासाची नक्कल करणाऱ्या मॉस्कोतल्या मार्स-५०० प्रयोगात सहा जण जून २०१० ते नोव्हेंबर २०११ असे ५२० दिवस बंद राहिले. त्यांच्यावरच्या अभ्यासात दिसलं की महिने जातील तशी त्यांची हालचाल कमी होत गेली आणि काहींच्या झोपेचं वेळापत्रक बिघडलं. दोन आठवड्यांत इतकं होत नाही. दोन आठवड्यांत जे होतं ते लहान असतं आणि म्हणूनच कुणी बोलत नाही: एकजण सकाळी लवकर उठून आवाज करतो, एकजण भांड्यांची पाळी टाळतो, एकीला सतत बोलायला हवं असतं आणि दुसऱ्याला शांतता. मोहिमेचा अर्धा टप्पा ओलांडल्यावर मन उतरतं असं म्हणतात. अभ्यासांत ते दर वेळी सापडत नाही, पण मी आठव्या-नवव्या दिवशी मुद्दाम काहीतरी गोड करायला लावते. रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटांची बैठक, त्यात प्रत्येकाने एक अडचण सांगायचीच, ‘काही नाही’ हे उत्तर चालणार नाही, असा माझा शिरस्ता आहे. आपल्याकडे मोठ्यांसमोर बोलायचं नाही, पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली असते. तिथे तिने नुकसान होतं. कमांडर वयाने मोठा असला तरी ‘बॅटरी एवढी उतरलीय, आज ओव्हन नको’ हे इंजिनियरने स्पष्ट सांगायचं असतं, आणि त्याने ते ऐकायचं असतं.

तर सोलापुरात बसून काय करता येईल? एखादा आठवडा घरातलं तुमच्या एकटीचं पाणी मोजून वापरा आणि रोज लिहून ठेवा, पिण्याचं, आंघोळीचं, कपड्यांचं वेगवेगळं. दुसऱ्या आठवड्यात रोज रात्री ठरलेल्या वेळेला दिवसाचा एक पानाचा अहवाल इंग्रजीत लिहा, आकड्यांसकट, आणि वेळ झाली की थांबा. अपुरा असला तरी पाठवा. कुणा मैत्रिणीला ‘पृथ्वी’ करा: तुम्ही मेसेज पाठवला की तिने वीस मिनिटांनीच उत्तर द्यायचं. मग कळतं की नीट प्रश्न विचारणं किती कष्टाचं आहे. पहिल्याच मेसेजमध्ये मोटरचा नंबर, आवाज कसा येतोय, काय काय करून पाहिलं हे सगळं लिहावं लागतं, नाहीतर एका साध्या दुरुस्तीत दुपार जाते. कारखान्यात जाड चामड्याचे मोजे घालून टर्मिनलचा स्क्रू घट्ट करून बघा, अर्थात मेन बंद करून. आणि प्रथमोपचाराचं रीतसर प्रशिक्षण घ्या. एवढं केल्यावरही जायची ओढ तितकीच राहिली तर अर्ज करा.

पैशांबद्दल. क्रूला आपला खर्च स्वतः उचलावा लागतो: तळाची फी, विमानप्रवास, व्हिसा, विमा. फीचा आकडा बदलत असतो, तो संस्थेकडूनच घ्या. बहुतेक क्रू कोलोरॅडोमधल्या ग्रँड जंक्शनपर्यंत विमानाने येतात आणि पुढे गाडीने. खर्चाचं दडपण असेल तर मी घाई करायला सांगणार नाही. याच तळाच्या परिसरात २००७ पासून विद्यार्थ्यांची युनिव्हर्सिटी रोव्हर चॅलेंज स्पर्धा भरते, भारतातले संघ तिथे दरवर्षी उतरतात. तुमच्या कॉलेजातली पोरं असा रोव्हर करत असतील तर त्यांच्या वायरिंगला हात लावा. अर्जात लिहायला त्याहून चांगलं काही नाही. अनुश्री श्रीवास्तव या भारतीय जीवशास्त्रज्ञ २०१६ मध्ये याच तळावर ८० दिवसांच्या मार्स-१६० मोहिमेत होत्या आणि पुढे त्याच क्रूबरोबर आर्क्टिकमधल्या डेव्हन बेटावरच्या तळावरही गेल्या. त्या तिथे पोहोचल्या ते सूक्ष्मजीवांवरच्या ठोस कामामुळे.

घरच्यांना काय सांगाल? मी असते तर तळाचे फोटो दाखवले नसते, इंजिनियरचा रोजचा अहवाल वाचून दाखवला असता: पाणी इतकं उरलं, बॅटरी रात्री इतक्यावर आली, पंपाला गळती, रोव्हरचं चार्जर बदललं. हे तर तू रोजच करतेस, असं ते म्हणतील. तेच खरं आहे. लूम शेडमध्ये तीन पाळ्या यंत्रं चालती ठेवणारं माणूस, आवाजावरून बेअरिंग ओळखणारं माणूस, नसलेला सुटा भाग असलेल्यातून जमवणारं माणूस त्या तळाला हवं असतं, आणि अर्ज करणाऱ्यांत अशी माणसं कमी असतात. बहुतेक जण वैज्ञानिक किंवा वार्ताहर म्हणून यायला बघतात.

म्हणून अर्जात क्रू इंजिनियर हीच जागा मागा. प्रकल्प एकच लिहा, लहान आणि दोन आठवड्यांत पुरा होणारा. माझ्या मते, कोणत्या कामाला किती वीज जाते आणि ढगाळ दिवशी कोणतं काम आधी बंद करावं याचा तासागणिक हिशेब. तुमच्या कारखान्यातला लोड लिहायचा तक्ता थोडा बदलला की त्याला चालेल. तो तक्ता आतापासून भरायला घ्या आणि महिन्याभराचा झाला की मला पाठवा, मी बघून देते.